मंचाच्या कडेच्या कुंड्या

मंचाच्या कडेला फुलझाडांच्या कुंड्या ओळीने मांडल्या आहेत. मागे तंतुवाद्यांचा वृंद बसलाय, काळ्या कोटांतले गंभीर चेहऱ्याचे पुरुष. संचालक कारेल आन्चेर्ल हात उचलतो आणि व्हायोलिनं, व्हायोला, चेलो एकदम तुटून पडतात. समोरचे श्रोते नीटनेटके, लक्ष देऊन ऐकणारे. संगीत संपतं, टाळ्या होतात आणि एक चाळिशी ओलांडलेला माणूस पुढे येऊन झुकून अभिवादन करतो. हा या रचनेचा संगीतकार, पावेल हास.

कुंड्या शोभेच्या नव्हत्या. चित्रीकरणापुरते कोट मिळाले होते, धड बूट मिळाले नव्हते. वादकांच्या पायांत काय आहे ते कॅमेऱ्याला दिसू नये, म्हणून त्या कुंड्या.

हे १९४४ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरातलं चित्रीकरण. जागा तेरेझीन, प्रागच्या उत्तरेला असलेलं जुनं किल्ल्याचं गाव. सम्राट दुसऱ्या योसेफने ते अठराव्या शतकात बांधलं आणि आपल्या आईचं, मारिया तेरेझाचं नाव त्याला दिलं. साधारण ७,००० माणसांच्या या गावात नाझींनी नोव्हेंबर १९४१ पासून ज्यूंना कोंबायला सुरुवात केली. सप्टेंबर १९४२ मध्ये तिथे ५८,००० च्या आसपास माणसं होती. सुमारे ३३,००० माणसं तिथेच उपासमारीने, रोगराईने मेली. जवळजवळ ८८,००० जणांना पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवलं गेलं. आणि याच गावात, युद्ध हरायला लागलेलं असताना, एस.एस.ला, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाला, एक माहितीपट काढायचा होता: ज्यू लोक इथे कसे मजेत आहेत, बागकाम करतात, फुटबॉल खेळतात, संध्याकाळी मैफलीला जातात.

ती चित्रफीत आज तुकड्यातुकड्यांतच उरली आहे, सगळी मिळून वीसेक मिनिटांची. हासच्या रचनेचा तिच्यातला भाग तर अगदीच थोडा. मी तो किती वेळा पाहिलाय याचा हिशेब ठेवलेला नाही. सुरुवातीला जे सगळ्यांचं होतं तेच माझंही व्हायचं: घसा दाटून यायचा. हल्ली मला त्या दाटलेल्या घशाचाच संशय येतो.

का, ते सांगण्याआधी थोडं हासबद्दल.

तो चेक देशातल्या ब्र्नो शहराचा, जन्म १८९९ चा. थोर चेक संगीतकार लिओश यानाचेकचा विद्यार्थी, आणि नुसता वर्गात बसणारा नाही, तर गुरूची लय हाडात मुरवून घेतलेला. बोलीच्या चढउतारातून सूर काढायचा, लहानसा लयीचा तुकडा घेऊन त्यालाच घासत, फिरवत, उलटसुलट करत राहायचं, मोरावियातल्या, म्हणजे ब्र्नोच्या प्रांतातल्या, लोकगीतांचा वास त्यात येऊ द्यायचा, ही यानाचेकची शिस्त. पावेलचा धाकटा भाऊ ह्यूगो हास हा चेक चित्रपटांतला मोठा विनोदी नट, पुढे दिग्दर्शकही झाला. १९३० च्या दशकात भावाच्या चित्रपटांना पावेलने संगीत दिलं. म्हणजे पडद्यावर चाललेल्या प्रसंगाला सूर जोडून प्रेक्षकाला कुठे हसवायचं, कुठे हळवं करायचं हा धंदा त्याला पक्का ठाऊक होता. ह्यूगो वेळेत देशाबाहेर पडला आणि हॉलिवूडला पोचला. पावेल राहिला. बायको ज्यू नव्हती. तिला आणि लहान मुलीला झळ पोचू नये म्हणून त्याने कागदोपत्री घटस्फोट घेतला. डिसेंबर १९४१ मध्ये त्याला तेरेझीनला नेण्यात आलं.

एक भाऊ अमेरिकेत कॅमेऱ्यासमोर उभा राहत होता. दुसऱ्यालाही कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं, एकदाच. आणि पडद्यासाठी संगीत लिहिलेल्या या माणसाला आपलं संगीत इथे कशासाठी वापरलं जातंय हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

तेरेझीनला आल्यावर सुरुवातीला त्याने काहीच लिहिलं नाही. तब्येत ढासळलेली, मन उडालेलं. गिडियन क्लाइन नावाचा त्याच्याहून वीस वर्षांनी लहान पियानिस्ट आणि संगीतकार तिथे होता. त्याने म्हणे कागदावर हाताने पाच-पाच रेघा आखून ते कागद हाससमोर ठेवले. भाषण नाही, धीर देणं नाही. कागद तयार आहे, आता लिहा. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण त्यात कारागिराने कारागिराला ओळखलंय.

त्यानंतर हासने लिहिलेल्या गोष्टींत पुरुषांच्या समूहगानाची एक रचना आहे, १९४२ ची. नाव ‘अल स्फोद’, म्हणजे ‘शोक करू नका’. हिब्रू कविता, शिमोनी नावाच्या कवीची. रडू नका, काम करा, असा तिचा एकंदर सूर. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर हासने सुरांच्या खुणा अशा काढल्यात की त्यांची हिब्रू अक्षरं होतात, आणि ती अक्षरं वाचली तर तेरेझीनमधल्या हद्दपारीच्या पहिल्या आणि शेवटच्या वर्षदिनाची आठवण, अशा अर्थाचा मजकूर निघतो. ‘शेवटच्या’ हा हिशेब चुकला. पण एखादा वहीच्या मुखपृष्ठावर वेलबुट्टी काढतो तशा मन लावून काढलेल्या त्या खुणा पाहिल्या की हे पान काढताना त्याची मान किती वेळ खाली असेल, एवढंच डोक्यात येतं.

आणि मग १९४३ मध्ये आन्चेर्लच्या वृंदासाठी ‘स्टडी’, चित्रफितीत वाजते ती रचना. वृंद म्हणजे तरी काय, जे वादक आहेत आणि जी वाद्यं मिळाली आहेत तेवढा. सुरुवातीला वाद्यं बाळगायलाच बंदी होती. एका वादकाने आपला चेलो सुटा करून, तुकडे गुंडाळून आत आणला आणि पुन्हा डिंकाने जोडला अशी हकीकत सांगतात. पुढे एस.एस.च्या लक्षात आलं की या लोकांना वाजवू दिलं तर बरं दिसतं. मग ‘फुरसतीच्या वेळेचं नियोजन’ पाहणारा एक विभागच निघाला. परवानगी आली ती अशी.

‘स्टडी’ ऐकायला बसलात तर पहिल्यांदा लक्षात येतो तो तिचा खट्याळपणा. तुटक, ठसक्यात पडणारा एक विषय सुरू होतो, एक गट तो उचलतो, तो संपायच्या आत दुसरा उचलतो, मग तिसरा. फ्यूग बांधायची जुनी युरोपीय पद्धत, पण पावलं मोरावियाच्या खेड्यातली. सम कुठे आहे असं वाटेपर्यंत ती सरकलेली असते. मधे सगळं मंदावतं, लांब श्वासाचे सूर येतात, आणि त्यांत जरा रेंगाळावं म्हणेपर्यंत पुन्हा धावपळ सुरू. अंगावर येणारी, घाम काढणारी रचना आहे. कुणी काही न सांगता ऐकवली तर छावणी वगैरे मनातही येणार नाही. चांगल्या मास्तरच्या हाताखाली शिकलेल्या, चाळिशीत पिकलेल्या संगीतकाराची ही रचना आहे, आणि ती तशीच ऐकावी असं माझं म्हणणं आहे.

पण तशी ती ऐकली जात नाही. मैफलीच्या पत्रिकेवर छावणीचं नाव असतं, निवेदक आवाज खाली आणतो, श्रोते आधीच हळहळलेले असतात. वाजवणाऱ्यांनी चार सूर चुकवले तरी कुणी काही म्हणत नाही, कारण इथे कसं म्हणणार? संगीतापेक्षा त्यामागची करुण कहाणी मोठी होते आणि रचना तिच्या पायाशी वाजत राहते. या दयेचं आणि त्या चित्रफितीचं एक विचित्र नातं आहे असं मला राहून राहून वाटतं. चित्रफितीत हे वादक ‘सुखी ज्यू’ दाखवायचं सामान होते. आपल्या मैफलीत ते ‘दुःखी ज्यू’ दाखवायचं सामान होतात. वाजतंय काय, याची फिकीर तिथेही नव्हती आणि इथेही फारशी नसते.

तेरेझीनच्या कैद्यांना मात्र ती फिकीर होती. व्हिक्टर उलमान हा तिथलाच कैदी, स्वतः मोठा संगीतकार, तिथे झालेल्या कार्यक्रमांची परीक्षणं लिहीत असे. त्यांतली पंचविसेक आज उपलब्ध आहेत. कैद्याने कैद्यांच्या मैफलींची केलेली समीक्षा! बिचारे काय परिस्थितीत गातायत, असा सूर तो लावत नाही. व्हर्डीच्या ‘रेक्विएम’वरून तर तिथे वादच झाला. रफाएल शेख्टरने एका तळघरात दीडशे लोकांचा गायकवर्ग बसवला होता. स्वरलिपीची एकच प्रत, त्यामुळे सगळ्यांनी ते लॅटिन शब्द आणि ते अवघड सूर तोंडपाठ करायचे. पूर्वेकडची गाडी निघाली की निम्मा वर्ग रिकामा, पुन्हा भरती, पुन्हा पहिल्यापासून. असं करत त्याने पंधरा-सोळा प्रयोग केले. आणि छावणीतल्याच काही वडीलधाऱ्यांनी त्याला धारेवर धरलं: आपण ज्यू, आणि कॅथलिकांची मृतांसाठीची प्रार्थना गायची? गायचंय तर आपलं काही गा. हा वाद मला फार मोलाचा वाटतो. काय गावं, कसं गावं यावरून माणसं तिथे भांडत होती. ज्यांच्याकडे आपण नुसतं पाणावल्या डोळ्यांनी बघतो, ते एकमेकांकडे तसं बघत नव्हते.

चित्रफितीतला दुसरा संगीताचा तुकडा मुलांच्या समूहगानाचा आहे. हान्स क्रासाचा ‘ब्रुंदिबार’, लहान मुलांनी करायचा संगीतनाट्याचा प्रयोग. क्रासाने तो १९३८ मध्येच लिहिला होता. प्रागच्या ज्यू अनाथाश्रमात मुलांनी तो गुपचूप केला, आणि ती मुलं, तो संगीतकार, सगळेच तेरेझीनला पोचले. तिथे जी वाद्यं हाताशी होती त्यांच्यासाठी क्रासाने वाद्यमेळ पुन्हा लिहिला. सप्टेंबर १९४३ पासून त्याचे ५५ प्रयोग झाले. गोष्ट साधी: आई आजारी आहे, तिला दूध हवंय, म्हणून बहीणभाऊ बाजारात गाणी म्हणून पैसे मिळवायला जातात, ब्रुंदिबार नावाचा पेटीवाला त्यांना हुसकावतो, मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि गावातली सगळी मुलं मिळून त्याला हरवतात. चित्रफितीत आहे ते शेवटचं विजयगीत. मुलं ओळीत उभी राहून तोंड उघडून गातायत.

खरं सांगायचं तर ‘ब्रुंदिबार’मधला मला आवडणारा भाग हा नाही. विजयगीत ठीक आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात दणक्यात होईल असं. त्याआधीची अंगाई, जिच्यावर बाजारातली मोठी माणसं विरघळतात, ती खरी क्रासाची. तिथे एक सूर असा अनपेक्षित वळतो की गाणाऱ्या मुलाचा कान तयार असल्याशिवाय तो लागणारच नाही. क्रासाने मुलांसाठी लिहिताना हात सैल सोडला नाही. कॅमेऱ्याने मात्र अंगाई घेतली नाही, विजयगीत घेतलं. प्रचाराला सोपं तेच लागतं. आणि ज्या गाण्यात दुष्टाला पळवून लावल्याचा आनंद आहे, तेच एस.एस.ने हौसेने टिपून घेतलं. मुलांच्या लेखी ब्रुंदिबार कोण होता हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कळत होतं. चित्रीकरणावर देखरेख करणाऱ्यांना एक तर कळलं नाही किंवा त्यांच्या लेखी त्याला किंमत नव्हती.

या सगळ्याचा दिग्दर्शक कोण? कुर्ट गेरॉन. बर्लिनचा ज्यू नट, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा. १९२८ मध्ये ब्रेख्त आणि वाइल यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’च्या पहिल्या प्रयोगात चाकूवाल्या मॅकचं ते सुप्रसिद्ध गाणं त्यानेच म्हटलं होतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढून जखमी झालेला. तो आता कैदी म्हणून ही चित्रफीत करत होता, एस.एस.च्या देखरेखीखाली, प्रागहून आणलेल्या चेक छायाचित्रणकारांना घेऊन. त्याने का केलं, नाही म्हणायला हवं होतं का, यावर खूप लिहिलं गेलंय. त्यात मी शिरत नाही. गरम जेवण जेवून खुर्चीत बसलेल्या माणसाने त्यावर निकाल देऊ नये.

पार्श्वसंगीताची गंमत वेगळीच. ते जुळवण्याचं काम पेटर डॉइच या डेन्मार्कहून आणलेल्या संगीतकाराकडे होतं, आणि दंडक असा की संगीत ज्यू रचनाकारांचं हवं. म्हणून मेंडेलसोन, म्हणून ऑफेनबाख. मेंडेलसोन! सगळ्या जर्मन राज्यात ज्याच्या रचना वाजवायला मनाई, ज्याचा लाइपझिगमधला पुतळा नाझींनी हटवला, त्याला सरकारी चित्रफितीत मानाने बोलावलं, कारण चित्रफीत ज्यूंची होती. म्हणजे सूर तेच, पण गावाच्या तटाबाहेर गुन्हा आणि तटाच्या आत सजावट.

इथे थोडं विषयांतर करतो. मराठी घरांत दोन-तीन पिढ्या सकाळी रेडिओ लावून बसायच्या आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी आकाशवाणीची ती धून लागायची. तंबोऱ्याचा झंकार आणि त्यावर व्हायोलिनचे ते चढत जाणारे सूर. ती धून वॉल्टर कॉफमनची. कार्ल्सबाडला जन्मलेला, जर्मन बोलणारा बोहेमियाचा ज्यू, प्राग आणि बर्लिनमध्ये शिकलेला. १९३४ मध्ये तो मुंबईला आला, कारण इथला व्हिसा सहज मिळत होता. मुंबईत त्याने चेंबर म्युझिकची मंडळी जमवून बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, मेहली मेहतांसारखे व्हायोलिनवादक तिच्यात होते. भवनानींच्या चित्रपटांना संगीत दिलं. आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. हास आणि कॉफमन एकाच देशातले, वयात जेमतेम आठ वर्षांचं अंतर, दोघांनीही चित्रपटांसाठी लिहिलेलं. एकाची धून कोट्यवधी लोकांनी चहा घेता घेता ऐकली, नाव न कळता, आणि त्याबद्दल कुणाचाही घसा कधी दाटला नाही. कॉफमनच्या वाट्याला हे साधं, बिनदयेचं ऐकणं आलं याचा मला खरोखर हेवा वाटतो, हासच्या वतीने.

चित्रीकरण ११ सप्टेंबर १९४४ ला आटोपलं. त्यानंतर २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर या एका महिन्यात १८,००० हून जास्त माणसांना तेरेझीनहून ऑशविट्झला नेलं. १६ ऑक्टोबरच्या गाडीत हास होता, क्रासा होता, उलमान, शेख्टर, क्लाइन, आन्चेर्ल, सगळे एकाच गाडीत. हास, क्रासा आणि उलमान यांना पोचल्या पोचल्या गॅसकोठडीत मारण्यात आलं. क्लाइन पंचविशीतच, जानेवारी १९४५ मध्ये, फ्युर्स्टेनग्रुबेच्या कोळसाखाणीच्या छावणीत मरण पावला. निघण्याच्या नऊ दिवस आधी त्याने आपली तंतुवाद्यांची त्रयी पुरी केली होती; तिच्या मधल्या भागात एका मोरावियन लोकगीतावरचे विस्तार आहेत. गेरॉन शेवटच्या गाडीत, २८ ऑक्टोबरच्या. त्यानंतर काही दिवसांतच ऑशविट्झच्या गॅसकोठड्या बंद झाल्या. चित्रफितीचं संकलन त्याला करूच दिलं गेलं नाही. ते प्रागमध्ये झालं, मार्च १९४५ च्या अखेरीस ती तयार झाली आणि तोवर ती दाखवायला जग उरलं नव्हतं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहुण्यांनी ती पाहिली.

आन्चेर्ल वाचला. त्याची बायको, तेरेझीनमध्येच जन्मलेलं मूल, आईवडील वाचले नाहीत. ऑशविट्झच्या फलाटावर हास त्याच्या शेजारी उभा होता, निवड करणाऱ्या डॉक्टरचं बोट आधी आन्चेर्लकडे वळलं होतं, तेवढ्यात हासला खोकला आला आणि बोट फिरलं, अशी हकीकत आन्चेर्लने सांगितल्याचं नोंदलं गेलंय. युद्धानंतर तो तेरेझीनला परत गेला आणि तिथे त्याला ‘स्टडी’च्या वादकांच्या प्रती सापडल्या. डबल बासची तेवढी नव्हती. ती पुढे लुबोमिर पेदुझ्झी या हासच्या अभ्यासकाने नव्याने लिहून काढली. चेक फिलहार्मोनिक जगभर गाजवणारा आन्चेर्ल तो हाच. १९५० ते १९६८ तो तिचा प्रमुख होता.

म्हणजे ‘स्टडी’ आज आपल्याला दोन वाटांनी मिळते. एक या प्रतींची वाट. दुसरी, ज्यांच्यासाठी ती लिहिली त्याच हातांनी वाजवलेली, खोटेपणासाठी टिपलेली. त्या वादकांचं प्रत्यक्ष वाजवणं दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही, हे गिळायला कठीण आहे पण खरं आहे. मी चित्रफीत ऐकतो ती आता चित्र न बघता. चेहरे नसले की लक्ष गजांकडे जातं: हल्ला करताना सगळे एकत्र पडतात का, तुटक सूर खरंच तुटक येतात का. येतात. चांगलाच तयार वृंद होता.

आमचा पुण्यातला हौशी वादकांचा गट आहे, रविवारी सकाळी जमणारा. मी त्यात व्हायोला वाजवतो, म्हणजे जिथे कुणाचं लक्ष नसतं तिथे बसतो. मागे आम्ही ‘स्टडी’ची पहिली काही पानं वाजवून बघितली. मी मुद्दाम आधी काही सांगितलं नाही. ब्र्नोचा संगीतकार, यानाचेकचा शागीर्द, इतकंच. तिसऱ्या ओळीत दुसरी व्हायोलिनं घसरली, पाचव्या ओळीत मी. पुन्हा पहिल्यापासून, अर्ध्या लयीत. बँकेतून निवृत्त झालेले आमचे चेलोवाले काका गज खाली ठेवून, चष्मा कपाळावर चढवून प्रतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “या गृहस्थांचं चेलोवाल्यांशी काय वाकडं होतं हो? श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही.” मग पेन्सिलने त्यांनी बोटांचे आकडे लिहून घेतले, एक खोडला, दुसरा लिहिला, आणि म्हणाले, “हं, असं जमेल. चला, परत.”